तांबड्याच्या पलीकडं

आठवीच्या शेवटी आमच्या शाळेत वाटणी व्हायची. मुलगे शास्त्राकडं, मुली गृहविज्ञानाकडं. तसा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. जे कुणी लिहीत नाही आणि सगळे पाळतात, त्याच्याशी भांडणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं. माझी त्यालाही तयारी होती. भाकरी थापायला मला आईनं शिकवलं होतं, शिवण मावशीनं. तेच पुन्हा शाळेत बाकावर बसून शिकायचं आणि वर त्याची परीक्षा द्यायची, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

शाळा तुळजापुरातली. निजामाचं राज्य गेलं, काही वर्षं आम्ही हैदराबादचे राहिलो, मग मुंबई राज्यात आलो. तेवढ्यात शाळेतली पुस्तकं उर्दूची मराठी झाली, शिकवणारे मात्र बरेचसे तेच राहिले. आमचे शास्त्राचे सर हैदराबादला उर्दूतून शिकलेले. उष्णतेला ते हरारत म्हणायचे, मग जीभ चावायचे आणि ‘म्हणजे उष्णता’ असं जोडायचे. मुलगे मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करत. मला मात्र तो शब्द आवडायचा. सर तो उच्चारायचे तेव्हा वाटायचं, या माणसाचं त्या गोष्टीवर मनापासून प्रेम आहे.

एकदा त्यांनी वर्गात काचेचा लोलक आणला. एका कोपऱ्याला टवका गेलेला, पण खिडकीतल्या उन्हात धरला आणि भिंतीवर सात रंग उमटले. सगळा वर्ग ‘हाऽऽ’ करून ओरडला. सरांनी पट्टी तांबड्या रंगाच्या कडेवर टेकवली.

“इथं तांबडा संपला. उजेड संपला. पण हरारत संपली नाही.” पट्टी त्यांनी अजून पुढं, मोकळ्या भिंतीवर सरकवली. “इथं सगळ्यात जास्त आहे.”

तिथं काहीच नव्हतं. चुना होता आणि एक मुंगी चालली होती.

पुस्तकात त्याला अवरक्त किरण म्हटलं होतं आणि दोन ओळींत विषय मिटवला होता. मी तास संपल्यावर सरांच्या मागं गेले. जे दिसत नाही ते आहे हे कळलं कुणाला आणि कसं, एवढं मला सांगा, म्हटलं. सर हसले. “डोळा गरीब आहे, बेटा. त्याला सात रंगांपुरतीच इनामी जमीन मिळालीय. पुढचं रान पाऱ्याला विचारायचं.” मग त्यांनी समजावून दिलं. थर्मामीटरचा खालचा फुगा काळा करायचा, कारण काळं सगळी उष्णता पिऊन घेतं. एक थर्मामीटर रंगात ठेवायचा, एक तांबड्याच्या पलीकडं, आणि एक बाजूला, नुसती खोलीची उष्णता सांगायला. पलीकडच्याचा पारा सगळ्यांच्या वर चढला की अदृश्य उजेड दिसला म्हणून समजायचं.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवून टाकलं, की नववीला शास्त्र घ्यायचं.

माझ्याबरोबर अजून एकीचं घोडं अडलं होतं. माझी मैत्रीण बेंबळीची, शेतकऱ्याघरची, शाळेसाठी तुळजापुरात मामाकडं राहायची. हाताची अशी कुशल, की तुटलेली कडी, फाटलेलं दप्तर, काहीही तिच्याकडं द्यावं. तिच्या मामांनी निकाल देऊन टाकला होता: उपाध्यांची पोर बसली तर आपली बसंल, न्हाय तर न्हाय. उपाध्ये म्हणजे माझे वडील. म्हणजे दोघींचं कुलूप एक आणि किल्ली अण्णांच्या कनवटीला.

अण्णा देवीच्या दारचे उपाध्ये. ठरलेल्या गावांची माणसं देवीला आली की आमच्याकडं उतरायची. अण्णा त्यांचा अभिषेक, संकल्प, सगळं करायचे. गाव आणि घराणं ते आवाजावरून ओळखायचे. यात्रेकरूनं नुसतं “नमस्कार” म्हटलं की अण्णा त्याच्या आजोबांची चौकशी करायचे, आणि तो माणूस जागीच विरघळायचा. स्वभावानं कडक. पण कडकपणात खोट नव्हती. दिलेला शब्द फिरवायचे नाहीत आणि खोटी साक्ष द्यायचे नाहीत. त्यापायी भाऊबंदांशी वैर घेतलेला माणूस.

मी विषय काढला तो जेवताना. आई वाढत होती.

“मुलांच्या वर्गात?” अण्णा म्हणाले.

“वर्ग शास्त्राचा आहे. मुलं त्यात बसतात, एवढंच.”

“आणि शिकायचं काय?”

मी अदृश्य उजेडाचं सांगितलं. अतिशय वाईट सांगितलं असणार, कारण मी भराभर बोलत होते. अण्णांनी घास खाली ठेवला.

“म्हणजे जे दिसत नाही, त्याच्यासाठी पोरीनं चारचौघांत नावं ठेवून घ्यायची?”

मला राग लवकर येतो. आता या वयातही येतो, तेव्हा तर तो नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला असायचा. मी म्हणाले, “तुम्ही संकल्प सोडता तेव्हा लोकांना पुण्य दिसतं का?”

आईच्या हातातला डाव आमटीत पडला. अण्णा मात्र चिडले नाहीत. ते शांत झाले की प्रकरण गंभीर असायचं.

“पुण्य मी डोळ्यांनी दाखवतो असं कुणाला म्हणत नाही,” ते म्हणाले. “तुझे सर म्हणतात. मग दाखवा. पाडव्यानंतर शाळेत प्रदर्शन आहे ना? मी येतो. सगळ्यांसमोर दाखव. खरं निघालं तर शास्त्र घे, मी आड येणार नाही. नाही निघालं तर गृहविज्ञान, आणि यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. कबूल?”

मी कबूल म्हटलं. आई माझ्याकडं बघतच राहिली.

सरांनी आम्हाला सामानाची खोली दिली. वर पत्रा, पूर्वेला एक खिडकी, खिडकीबाहेर कुंपणाच्या भिंतीपर्यंत अरुंद बोळ. बोळात स्टुलावर विटांच्या आधारानं आरसा उभा केला, की सकाळचं ऊन बरोबर खिडकीत येई. खिडकीला जुना पुठ्ठा ठोकला आणि त्यात सरांनी सुरीनं एक बारीक फट पाडली. फटीतून येणारा उजेड लोलकावर आणि लोलकातून समोरच्या पुठ्ठ्यावर. दार लावून वर घोंगडं टाकलं की खोलीत अंधार. एकच अडचण होती. सूर्य डोक्यावर आला की शाळेच्या इमारतीची सावली बोळात उतरायची, आणि आमचा खेळ खलास.

थर्मामीटर तीनच होते, निजामाच्या वेळच्या कपाटातले. सर म्हणाले, “फुगे काळे करा,” आणि दुसऱ्या वर्गावर गेले. आता काळं म्हणजे काय, हे आम्हा दोघींना कुणी सांगायची गरज होती का? मी दुसऱ्या दिवशी घरून काजळाची डबी आणली.

आई दर पाडव्याला काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथं ताट, आणि ताटाला धरलेली काजळी तुपात खलून डबीत. माझ्या डबीत गेल्या सालचं तळाला राहिलेलं, सुकून खडा झालेलं काजळ होतं. मैत्रिणीनं ते बोटानं खरवडून फुग्यांना घासलं. मग उरलेल्याची एक तीट लोलकाच्या लाकडी बैठकीला लावली.

“हे कशाला?”

“नजर लागंल की. लई देखणा हाय त्यो.”

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आरसा नीट बसला. बाजूचा पारा गप्प, पिवळ्यातला जरा चढलेला, आणि पलीकडं, जिथं नुसता अंधार होता, तिथला त्याच्याही दोन रेघा वर. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून त्या अंधाऱ्या खोलीत उड्या मारल्या. माघातली थंडी होती, तरी मला घाम फुटला होता. नंतर आम्ही तो प्रयोग इतक्या वेळा केला की सर म्हणाले, बास, आता लोलकालाही कंटाळा आला असेल.

पाडवा झाला. चैत्री पौर्णिमेची माणसं यायला लागली, आमचं घर भरलं. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात आली. आजूबाजूला कुणी नाही बघून तिनं माझ्या हातात डबी ठेवली. नवं काजळ, पाडव्याचं. त्या साली तिनं तुपाचा हात सैल सोडला होता. काजळ लोण्यासारखं मऊ, वरून चकचकीत.

“जुनं सुकलेलं कशाला लावता? चांगलं काम आहे, नवं लाव,” ती म्हणाली. माझ्या बाजूनं ती तोंडातून शब्द काढू शकत नव्हती, त्याऐवजी तिनं हे दिलं होतं. माझे डोळे भरून आले.

शाळेत पोचल्यावर आम्ही जुनं काजळ ओल्या फडक्यानं पुसून काढलं आणि नव्याचा जाड थर दिला. फुगे असे काळेभोर दिसत होते की बघत राहावं.

ऊन तापायला लागलं. पत्र्याखाली दार लावून बसलेल्या खोलीची भट्टी झाली. माणसं यायची, बघायची, जायची. सकाळच्या दोन खेपांना पारा बरा चढला, पण मला फरक कमी वाटला. मैत्रीण म्हणाली, गर्दी हाय, तुला भास होतोय. मी मान डोलावली आणि अण्णांची वाट बघत राहिले. ते येईनात. यात्रेकरूंचा अभिषेक लांबला असणार. मी सारखी फटीतून बोळात बघत होते. समोरच्या कुंपणावर ऊन होतं, पण स्टुलाच्या अलीकडं इमारतीची सावली येऊन थांबली होती.

शेवटी घोंगडं बाजूला झालं आणि अण्णा आत आले. सोवळं बदलून, उपरणं खांद्यावर, कपाळाला कुंकू. त्यांच्या मागं मैत्रिणीचे मामा, दोन-चार भाऊबंद, आणि पाटावर वरण सांडावं तशी पसरत गेलेली पोरांची गर्दी. उपाध्यांची पोर हरते का जिंकते, हे बघायला अर्धा गाव आलाय असं मला वाटलं. सर बोळात आरशापाशी गेले. मैत्रिणीनं घोंगडं धरलं. अण्णा पुठ्ठ्यापासून दोन हात लांब, हात मागं बांधून उभे राहिले.

मी पाठ केलेलं सगळं बोलले. हा तांबडा, इथं उजेड संपतो, हा थर्मामीटर अंधारात आहे.

“बरं,” अण्णा म्हणाले. “वाच.”

मी वाकले. बाजूचा वाचला. पिवळ्यातला वाचला. मग पलीकडचा. माझा विश्वास बसेना. मी पुन्हा डोळे लावले. पलीकडचा आणि पिवळ्यातला एकाच रेघेवर होते, आणि ती रेघही बाजूच्यापेक्षा फारशी वर नव्हती.

पाऱ्याजवळ मी एकटी होते. सर बाहेर, मैत्रीण दाराशी, बाकीच्यांना त्या अंधारात काचेतली केसाएवढी रेघ दिसणं शक्य नव्हतं. मी दोन रेघा वर सांगितल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. माझ्या बापालाही नाही. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी आज उघड सांगते. आलं आणि मला त्याची इतकी चीड आली की मी जवळजवळ ओरडले.

“सारखेच आहेत. चढला नाही.”

मागून कुणीतरी हसलं. मामा म्हणाले, “झालं तर मग. मिटलं.” एक भाऊबंद म्हणाला, “उपाध्येबुवा, चला, पोरीचा हट्ट फिटला.” बोळातून सर हाका मारत होते, काय झालं, काय झालं, आणि त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं. अण्णांनी फक्त “बरं” म्हटलं आणि ते वळले. माझ्या डोळ्यांसमोर सरळ गृहविज्ञानाची खोली आली, तिथल्या भिंतीवरच्या टाक्यांच्या नमुन्यांसकट.

तेवढ्यात घोंगडं टाकून मैत्रीण पुढं आली.

“अगं ए, ह्ये काय गळतंय?”

पुठ्ठ्यावर, पलीकडच्या थर्मामीटरखाली एक काळा ओघळ उतरला होता. मी फुग्याला बोट लावलं. बोट काळं झालं, आणि फुगा उघडा. नुसती काच, आत चकचकीत पारा. दुसऱ्यालाही तेच. माघात सुकलेलं काजळ घट्ट धरून बसायचं. चैत्रात, पत्र्याखाली, आईच्या हातचं ताजं तूप पातळ होऊन सगळी काळिमा घेऊन उतरलं होतं. उघडा पारा आरशासारखा, तो उष्णता पिणार कसली?

“काजळात तूप असतं,” मी म्हणाले. कुणाला उद्देशून, ते मलाच माहीत नाही. मग मोठ्यानं म्हणाले, “अण्णा, थांबा!”

अण्णा दारात थांबले. भाऊबंद म्हणाला, “आता काय राहिलं?”

“माझं बघून झालेलं नाही,” अण्णा त्याला म्हणाले.

कोरडं काळं हवं होतं. तूप नसलेलं, तेल नसलेलं. मी घरी रोज आरतीचं तबक घासायची. कापूर जळतो तिथं जी काळी मखमल धरते, ती राखेनं घासूनही लवकर निघत नाही, आणि हाताला लागली तर कोरडी, भुरभुरीत.

“अण्णा, कापूर आहे?”

ते उपाध्ये. त्यांच्या कनवटीला कापूर नसेल तर कुणाच्या असणार? त्यांनी पुडी काढली आणि हात पुढं केला. ती माझ्या हातात यायच्या आधी क्षणभर अंधारात नुसतीच पुढं झाली, मी जिथं नव्हते तिथं. मी सरकून घेतली. तेव्हा माझं लक्ष पाऱ्यावर होतं.

सर धावत आत आले. काय झालं ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. “काजळ? सुरम्यासारखं डोळ्यात घालायचं काजळ?” पुढं त्यांना हसू यायला लागलं, पण माझा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. मैत्रिणीनं पाण्याच्या भांड्यावरची पितळी झाकणी आणली. सरांनी विटेवर कापूर पेटवला आणि झाकणी वर धरली. त्या खोलीत देवळाचा वास भरला. इकडं मी फडक्यानं तिन्ही फुगे घासून तूप काढत होते, पुन्हा पुन्हा, माझाच विश्वास बसेपर्यंत. मग एकेका फुग्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि झाकणीवरच्या काजळीत लोळवायचा. पहिलाच माझ्या बोटांतून निसटता निसटता राहिला. मैत्रीण म्हणाली, “आण इकडं, तू फोडशील,” आणि तिनं ते माझ्या हातून काढून घेतलं.

“सावली आरशाच्या पायाशी आली,” पुन्हा बोळात गेलेले सर ओरडले. “घाई करा!”

पण घाई करून चालणार नव्हतं. हाताळून थर्मामीटर गरम झाले होते. ते खोलीच्या उष्णतेवर यायला हवेत, नाही तर वाचलेल्याला अर्थ नाही. आम्ही ते तिन्ही बाजूला ठेवले आणि नुसत्या उभ्या राहिलो. आयुष्यात मी पुष्कळ वेळा वाट बघितली, पण ती वाट बघणं विसरले नाही. मामा दोनदा खाकरले. भाऊबंद कंटाळून निघून गेला. अण्णा जिथं होते तिथंच, हात मागं, मान किंचित एका बाजूला, कानानं काही टिपत असल्यासारखे.

पारे एका रेघेवर आले. आम्ही त्यांना जागेवर लावलं. सरांनी आरसा उचलून कुंपणाकडं उरलेल्या उन्हात नेला, हातानंच धरला, आणि पुठ्ठ्यावर रंग पुन्हा उमटले, जरा हलणारे, पण स्वच्छ.

थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, “आता मला जवळून बघू दे.”

ते पुढं आले आणि पुठ्ठ्यावर वाकले, इतके खाली की रंगांची पट्टी पुठ्ठा सोडून त्यांच्या तोंडावर पडली. मी चिडलेच. उजेड अडवताय, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. तांबडा त्यांच्या डाव्या डोळ्यावर होता. ते पापणी मिटत नव्हते. डोळ्याच्या मधोमध जिथं काळं असायला हवं, तिथं सायीसारखा पांढरा ठिपका होता. त्यांनी मान हलवली, आणि पिवळा उजव्या डोळ्यावर आला. त्यातही तेच.

गेल्या वर्षभरात ते पंचांग माझ्याकडून वाचून घ्यायचे, उच्चार सुधारतात म्हणून. पोथी मांडीवर उघडी असायची आणि पान उलटलेलं मला आठवेना. गाभाऱ्यात अंधार, मंत्र पाठ, हात सवयीचे, यात्रेकरू आवाजानं ओळखू येणारे. कुणाला कळायचं कारणच नव्हतं. शास्त्र, नववी, प्रदर्शन, सगळं एकदम लांब गेलं.

“अण्णा,” मी अगदी हळू म्हणाले, “रेघ दिसते का?”

“उजेड दिसतो,” ते तितक्याच हळू म्हणाले. “रेघ नाही. तू वाच.”

ते सरळ झाले, रंग पुन्हा पुठ्ठ्यावर पडले. मी वाकले. माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, ते मी दंडानं पुसलं. बाजूचा वाचला. पिवळ्यातला वाचला. पलीकडचा त्या दोघांच्या वर होता, आम्ही माघात कधी बघितला नव्हता इतका वर. कापराची काजळी चांगलीच निघाली होती. मी आकडे मोठ्यानं सांगितले.

मामा पुढं झाले. “उपाध्येबुवा, पोरीनं सांगितलं म्हणून व्हय? तुमी सोता बघितलं का? दिसलं का तुमाला?”

मला कळत होतं, अण्णा खोटं बोलत नाहीत. आणि खरं बोलले तर उद्या सकाळी सगळ्या गावात होईल, उपाध्यांना दिसत नाही. मग कोणतं गाव त्यांच्याकडं अभिषेकाला उतरणार? भाऊबंद टपून बसलेलेच होते.

अण्णांनी माझ्या दिशेला तोंड केलं.

“मघाशी हिनं वाचलं तेव्हा पारा चढलेला नव्हता,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “हिला शास्त्र पाहिजे. चढला म्हणाली असती तर आपल्यापैकी कोण पडताळणार होतं? तरी ही म्हणाली, चढला नाही. आता म्हणते, चढला. जिचं ‘नाही’ खरं, तिचं ‘आहे’ही खरं. मला अजून काय बघायचंय? शास्त्र घेऊ दे तिला.” मग मामांना म्हणाले, “तुमचीलाही बसवा.”

मामांनी मान डोलावली. मैत्रिणीनं किंकाळी मारून माझ्या गळ्यात हात टाकले, आणि तिच्या हातांची सगळी काजळी माझ्या पोलक्याला लागली. बाहेर सर विचारत होते, चढला का, अरे कुणी सांगा, चढला का? पुठ्ठ्यावरचे रंग फिके होत होते. मी रडत होते, आणि सगळ्यांना वाटलं आनंदानं रडते आहे.

अण्णा म्हणाले, “चल, घरी जेवायचे लोक खोळंबले असतील.”

सामानाच्या खोलीपुढं दगडी पायऱ्या होत्या, उंच, मधेच तुटलेल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. पायरीशी आल्यावर अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्हा भावंडांच्या अंगाखांद्यावर हात ठेवायची त्यांची रीत नव्हती. पटांगणातल्या कुणीतरी दुसऱ्याला म्हटलं, “बघ, बाप कसा खूश झालाय पोरीवर.” अण्णांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. मी एकेक पाऊल टाकत खाली उतरले, आणि ओठ न हलवता सांगत राहिले, आता पायरी, अजून एक, आता तुटलेली आहे, जपून.